कथेतलं यान प्रकाशाला मागे टाकतं तेव्हा काय काय ठरवावं लागतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पहिली विज्ञान कादंबरी लिहिताय. काळ तीनशे वर्षांनंतरचा. चार ताऱ्यांभोवती माणसांच्या वसाहती आहेत. त्यातली एक बंड करते आणि चौकशीसाठी नायिकेला, एका न्यायाधीश बाईंना, तिकडे पाठवलं जातं. यान वॉर्प ड्राइव्हवर चालतं आणि काही तासांत पोचतं. भौतिकशास्त्र शिकलेला तुमचा मित्र म्हणतो, प्रकाशापेक्षा वेगाने जाणं म्हणजे भूतकाळात जाणंच, तेव्हा ही परीकथा झाली. म्हणून तुम्ही विचारताय की वॉर्प (यानाभोवतीचं अवकाशच वाकवणं), हायपरस्पेस (नेहमीच्या अवकाशाबाहेरून जाणारी कल्पित आडवाट) आणि वर्महोल (अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा) यांपैकी सगळ्यात शास्त्रशुद्ध काय.

मी बरीच वर्षं विज्ञानकथा लिहितो आणि दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून लेखकांशी त्यावर चर्चा करतो. तुमचा मजकूर वाचताना मला यंत्रापेक्षा 'काही तासांत' हे दोन शब्द खटकले. न्यायाधीश बाई काही तासांत पोचत असतील, तर फौजही पोचेल. धान्य, औषधं, राजधानीतले अधिकारी, बंडखोरांचे आईवडील, सगळेच पोचतील. मग त्या वसाहतीला आपण वेगळे आहोत असं वाटलंच कसं? बंडाला अंतर लागतं, आणि तुमच्या यानाने ते पुसून टाकलंय. म्हणून कोणतं यंत्र घ्यायचं हे ठरवण्याआधी त्याने किती अंतर शिल्लक ठेवायचं ते ठरवा. शास्त्रशुद्धतेकडेही येतोच.

मुळात ही यंत्रं लेखकांना का लागतात? सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातंय. त्या वेगाने एवढं अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. आकाशगंगेचा व्यास तर एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात. एकाच पात्राला एका आयुष्यात दोन-तीन ताऱ्यांवर न्यायचं असेल, तर लेखकाला काहीतरी तोडगा काढावाच लागतो.

पण एक तोडगा प्रकाशाची मर्यादा न ओलांडताही निघतो, आणि नवे लेखक तो फारच लवकर बाजूला सारतात. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने प्रॉक्झिमाला गेलात, तर पृथ्वीवर सव्वाचार वर्षं आणि थोडे दिवस जातात. यानात मात्र जेमतेम सात महिने. यान अर्ध्या वाटेपर्यंत पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने वेग वाढवत आणि पुढे तसाच कमी करत गेलं, तर आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत प्रवाशांची वीसेक वर्षं लागतील. पृथ्वीवर तोवर सव्वीस हजार वर्षं उलटलेली असतील. उर्सुला ले ग्विन यांच्या कथाविश्वातली यानं अशीच, प्रकाशाच्या जरा खालच्या वेगाने जातात. जो हाल्डेमन स्वतः व्हिएतनाम युद्धात लढलेले. त्यांच्या १९७४ च्या 'द फॉरेव्हर वॉर'मध्ये लढून परतलेल्या सैनिकाला घरी गेल्यावर आपलं जगच सापडत नाही, ते याच कालफरकामुळे.

तेव्हा आधी स्वतःला विचारा: न्यायाधीश बाई परत येतील तेव्हा त्यांची मुलगी त्यांच्याहून म्हातारी झालेली असावी, असं तुम्हाला हवंय का? हवं असेल, तर प्रकाशाला मागे टाकूच नका. त्या यंत्राने तुमच्या कथेचा गाभाच जाईल. दुसरा पर्याय असा की बाई पोचतील तेव्हा बंड चालू असायला हवं आणि परत आल्यावर त्यांना ओळखणारे अधिकारी जागेवर असायला हवेत. तुमच्या मजकुरावरून मला हे दुसरंच दिसतंय, त्यामुळे पुढचं सगळं त्या गृहीतावर.

आता तुमच्या मित्राचा आक्षेप. तो बरोबर आहे, आणि लेखकाने तो एकदा आकड्यांत समजून घ्यावाच. दोन यानं एका ठिकाणी भेटली, दोघांनी घड्याळं शून्यावर लावली आणि ती एकमेकांपासून प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने दूर निघाली असं समजा. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार पहिल्या यानाला दुसऱ्याचं घड्याळ हळू चालताना दिसतं: इथे १०० दिवस झाले तर तिथे ६०. दुसऱ्यालाही पहिल्याबद्दल हेच दिसतं, आणि दोघांचंही खरं असतं. आता दोघांकडे क्षणात संदेश पोचवणारं यंत्र आहे असं धरा. पहिल्याने शंभराव्या दिवशी संदेश पाठवला. त्याच्या हिशेबाने त्या क्षणी दुसऱ्याकडे साठावा दिवस आहे, म्हणून संदेश तिथे साठाव्या दिवशी पोचला. दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं. त्याच्या हिशेबाने त्या क्षणी पहिल्याकडे छत्तिसावा दिवस आहे. म्हणजे शंभराव्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर छत्तिसाव्या दिवशीच हातात पडलं! संदेशाच्या जागी यान ठेवलं तरी तेच होतं, आणि वेग 'क्षणात' ऐवजी नुसता प्रकाशापेक्षा जास्त असला, तरी तसं घडवणारी परिस्थिती शोधून काढता येते.

यातून लेखक तीन प्रकारे सुटतात. बहुतेक जण हा मुद्दा काढतच नाहीत, आणि वसाहतींचे तारे एकमेकांच्या तुलनेत फार वेगाने हलत नसतील तर वाचकही तो काढत नाही. काही जण भूतकाळात जाण्यालाच कथा बनवतात. मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो. 'क्षणात' म्हणजे कोणाच्या घड्याळाने क्षणात, हे विश्वासाठी एकदाच ठरवून टाकायचं. विश्वात सगळीकडे पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण आहे, त्याच्या तुलनेत आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सरकते. त्या प्रारणाच्या संदर्भात जो स्थिर, त्याचंच घड्याळ यंत्राच्या दृष्टीने खरं, असा नियम केला की वरच्या गोष्टीतलं उत्तर कधीही प्रश्नाच्या आधी येत नाही. सापेक्षतेचं मूळ तत्त्व इथे तुम्ही मोडता, हे खरं. पण कुठे मोडलं ते तुम्हाला माहीत असतं आणि बाकीचं सगळं शाबूत राहतं. कादंबरीत हे एका वाक्यापेक्षा जास्त आणू नका. मित्राला मात्र दाखवा, त्याला आवडेल.

वॉर्पबद्दल सविस्तर बोलतो, कारण तुम्ही तेच निवडलंय आणि त्यात तुम्हाला दिसतंय त्याहून बरंच काही आहे. 'स्टार ट्रेक' १९६६ मध्ये टीव्हीवर आली तेव्हा वॉर्प ही कथाकारांची सोय होती. १९९४ मध्ये मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे वेल्समधल्या कार्डिफला काम करत असताना त्यांनी सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारी एक रचना मांडली आणि तिला विज्ञानकथेतलंच नाव दिलं. यानापुढचं अवकाश आकुंचन पावतं, मागचं प्रसरण पावतं, आणि मधल्या बुडबुड्यात यान आपल्या जागी स्वस्थ असतं. प्रवाशांना धक्का जाणवत नाही, त्यांचं घड्याळ घरच्या घड्याळाबरोबर चालतं. यान त्याच्या आसपासच्या अवकाशात प्रकाशाला कधीच मागे टाकत नाही. बुडबुडाच पुढे सरकतो.

यासाठी ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते, आणि ती एवढ्या प्रमाणात कुठे मिळते हे कोणालाच माहीत नाही. १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब केला, तेव्हा शंभरेक मीटरच्या बुडबुड्याला साऱ्या दृश्य विश्वाच्या वस्तुमानाहून जास्त ऊर्जा लागेल असं निघालं. दोन वर्षांनी व्हॅन डेन ब्रोक यांनी बुडबुड्याचा आकार बदलून तो आकडा सूर्याच्या काही पटींवर आणला. हे मी सांगतोय ते यासाठी की ऊर्जेचा प्रश्न तुम्ही एका वाक्यात सोडवू शकता. तीनशे वर्षांत कोणीतरी मार्ग काढला, बस. वाचक तेवढं देतो.

मला मोलाच्या वाटतात त्या उरलेल्या दोन अडचणी. पहिली अशी की वेग प्रकाशापलीकडे गेला की यानातून निघालेला कोणताही संकेत बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचू शकत नाही. कप्तान आतून बुडबुडा वळवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. वाटेची मांडणी बाहेरून, आधीच कोणीतरी करून ठेवावी लागते. दुसरी अडचण २०१२ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी दाखवली: वाटेतले कण बुडबुड्याच्या पुढच्या भागात गोळा होत जातात, आणि यान थांबलं की प्रचंड ऊर्जेने पुढे फेकले जातात. प्रवास जितका लांब, तितका झोत भयंकर. म्हणजे एखाद्या ग्रहाकडे नाक करून थांबलात, तर त्या ग्रहाची राखरांगोळी. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली भेट कोणी द्यायची? तुमचं प्रवासी यान आपसूक शस्त्र झालं, आणि कुठे थांबायचं याचे कायदे आले. तुमच्या बाई न्यायाधीश आहेत, हे विसरू नका.

वर्महोलची गोष्टही वाचण्यासारखी आहे. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये असा पूल समीकरणांतून काढला होता, पण त्यातून काही पार जाऊ शकत नाही. कार्ल सेगन यांनी १९८५ च्या 'कॉन्टॅक्ट' कादंबरीत नायिकेला कृष्णविवरातून पाठवायचं ठरवलं आणि भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना हस्तलिखित दाखवलं. थॉर्न यांनी वर्महोल सुचवलं, आणि त्याच विचारातून १९८८ मध्ये मॉरिस व थॉर्न यांचा, माणसाला पार करता येईल अशा वर्महोलवरचा शोधनिबंध आला. एका कादंबरीकाराच्या नेमक्या प्रश्नातून भौतिकशास्त्राची एक शाखा वाढली. आपण विचारतो ते प्रश्न क्षुल्लक नसतात, एवढं यातून नक्की घ्या. कथेच्या दृष्टीने वर्महोलचा गुण असा की दुसरं तोंड साध्या, संथ यानातून तिथे आधी न्यावं लागतं असं धरता येतं. पहिली वसाहत वसवायला पिढ्या जातात, नंतर येणारे मात्र दाराबाहेर पाऊल टाकावं तसे येतात. पहिल्यांच्या मनात नंतरच्यांविषयी काय असेल, याचा विचार करा. बंडाचं कारण तिथेच सापडू शकतं.

हायपरस्पेसला समीकरणांचा आधार नाही. आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'मध्ये यानं एका झेपेत इकडून तिकडे जातात आणि अडीच कोटी ग्रहांचं साम्राज्य त्यावर उभं राहतं. एवढ्या मोठ्या पटासाठी ते योग्यच आहे, कारण तिथे प्रवासाला महत्त्व नाही. टॅकिऑनांबद्दलही लोक विचारतात. प्रकाशापेक्षा नेहमीच जास्त वेगाने जाणारे कण असू शकतील का, हा प्रश्न १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी गंभीरपणे मांडला. असे कण आजवर सापडलेले नाहीत, आणि त्यांच्यावर बसून जाता येत नाही. संदेशासाठी कथेत वापरा हवं तर.

यंत्राची मर्यादा कथा कशी घडवते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे १९७४ ची 'द मोट इन गॉड्स आय'. लॅरी निव्हन आणि जेरी पुर्नेल यांच्यासाठी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ डॅन अल्डरसन यांनी त्यातलं यंत्र बेतून दिलं. उडी क्षणात होते, पण फक्त दोन ताऱ्यांमधल्या ठरावीक बिंदूंवरूनच. त्या बिंदूपर्यंत साध्या इंजिनाने, आठवडेच्या आठवडे जावं लागतं. उडी झाल्यावर माणसं आणि संगणक काही वेळ गोंधळलेले असतात. एवढ्या नियमांतून सगळा भूगोल तयार होतो. आपल्या नाणेघाटासारखंच: घाट ज्याच्या ताब्यात, जकात त्याची, आणि तोंडाशी थोडी माणसं उभी केली की मोठी फौजही अडते. या कादंबरीतल्या परग्रहवासीयांकडे उडीचं यंत्र आहे, तरी ते आपल्या ताऱ्याबाहेर पडू शकलेले नाहीत, कारण त्यांचा एकमेव बिंदू एका लाल महाताऱ्याच्या पोटात उघडतो आणि पलीकडे गेलेलं यान जळून जातं. माणसांकडे त्यापासून वाचवणारं कवच आहे, त्यांच्याकडे नाही. कादंबरीतला सगळा ताण या एका गोष्टीतून येतो.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) मर्यादा माणसांत आहे. वाट शोधणारे नाविक एका मसाल्यावर अवलंबून, तो मसाला एकाच ग्रहावर मिळणारा, म्हणून साम्राज्याचं सगळं राजकारण त्या वाळवंटाभोवती फिरतं. यान कसं चालतं हे हर्बर्ट जवळजवळ सांगतच नाहीत, आणि वाचक विचारतही नाही.

आता एक गोष्ट जी आलेल्या कथांमध्ये मला सर्रास निसटलेली दिसते: यान आणि संदेश यांचा वेग वेगवेगळा ठरवावा लागतो. ले ग्विन यांच्या विश्वात माणूस संथ आणि 'अ‍ॅन्सिबल'वरचा संदेश तात्काळ. तुमच्याकडे उलट असू शकतं: यान वेगवान, पण रेडिओ प्रकाशाच्याच वेगाचा, म्हणजे बातमी यानाशिवाय जाणार नाही. मग बंडाची बातमी राजधानीला कोणी आणली? कोणत्या यानाने, किती दिवसांनी, आणि आणणाऱ्याने त्यातलं काय गाळलं? पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं, आणि नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेलेच होते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हा मजकूर त्यांना वाटेत मिळाला. मधल्या काळात दिलेले सगळे हुकूम संपलेल्या लढाईसाठी होते. तुमच्या राजधानीने दिलेले हुकूमही तसेच निघू शकतात. न्यायाधीश बाईंच्या हातातला आदेश ज्या परिस्थितीसाठी लिहिला गेला ती कदाचित उरलेलीच नसेल, आणि मागे विचारून घ्यायची सोयही नाही.

माझी पद्धत सांगतो. लिहायला बसण्याआधी एका कागदावर ठिकाणांची जोडी-जोडीने यादी करतो आणि प्रत्येकीपुढे माणसाला लागणारा वेळ, बातमीला लागणारा वेळ आणि खर्च कोणाला परवडतो हे लिहितो. मग प्रवास कुठून सुरू होऊ शकत नाही, तो कोण अडवू शकतं, आणि यंत्र वाईट हेतूने वापरलं तर काय होईल, हे लिहितो. शेवटचा प्रश्न टाळू नका. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने येणाऱ्या एक किलोच्या दगडातही सुमारे १३० मेगाटनांची ऊर्जा असते, आजवरच्या सर्वांत मोठ्या अणुस्फोटाच्या दुपटीहून जास्त. ज्यांच्याकडे असा वेग आहे त्यांनी एकमेकांना अजून नष्ट का केलं नाही, याचं उत्तर तुमच्या जगात असायला हवं, पानावर आलं नाही तरी. आणि कागदावरचा नियम शेवटच्या प्रकरणात मोडायचा नाही. ऐन वेळी यंत्राला नवी शक्ती फुटली, तर वाचकाने आधीची सगळी काळजी उगाच केली असं होतं.

स्पष्टीकरण किती द्यायचं, हे वाचकावर अवलंबून आहे. किशोरांसाठीच्या कथेत यंत्राचं कुतूहल हाच आनंद असतो, तिथे दोन पानंही चालतात. तुमची कादंबरी मोठ्यांची आहे. काकांनी पुतण्याला फळ्यावर समजावून सांगावं तसा प्रसंग घालू नका. मर्यादा पात्रांच्या गैरसोयीतून दिसू द्या. कोणीतरी लग्नाला वेळेत पोचू शकत नाही, कोणाचं औषध वाटेतच कालबाह्य होतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्ण विवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी वाचकाला भौतिकशास्त्र झेपणार नाही ही भीती तेव्हाही निराधार होती. वाचक सगळं पेलतो, फक्त त्याला माणसाच्या हातून मिळालं पाहिजे.

तुमच्या कादंबरीसाठी मी असं करीन. वॉर्प ठेवा. चार ताऱ्यांमधला प्रवास काही तासांचा नको, पंधरा-वीस दिवसांचा ठेवा, आणि वाट दोन्ही टोकांच्या ठाण्यांनी मिळून उघडायची असा नियम करा. म्हणजे बंडखोरांनी न्यायाधीश बाईंना येऊ दिलंय, फौजेला नाही; का, हा पहिलाच प्रश्न झाला. झोताच्या भीतीने बुडबुडा ग्रहांपासून दूर, नेपच्यून सूर्यापासून आहे साधारण तेवढ्या अंतरावर, नाक दुसरीकडे करून फोडायचा. तिथून प्रकाशाला वसाहतीपर्यंत चार तास लागतात, साध्या इंजिनाने यानाला दोन-तीन महिने. बाईंनी पहिला प्रश्न पाठवला की उत्तर आठ तासांनी येणार. समोरचा माणूस तेवढ्या वेळात वकिलाशी बोलेल, झोपेल, उत्तर तीनदा बदलेल. यान जवळ जाईल तसा तो अवधी सहा तास, दोन तास, दहा मिनिटं असा घटत जाईल आणि विचार करून बोलण्याची मुभा दोन्ही बाजूंची संपत जाईल. चौकशी बाई उतरल्यावर सुरू होते असं तुम्ही लिहिलंय. ती या दोन-तीन महिन्यांतच सुरू करा, आणि प्रत्येक साक्षीच्या वर उत्तराला लागलेला वेळ लिहा.